बड स्पेन्सरला विसरलात की काय?

संपादक महोदय, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत मारधाडीच्या सिनेमांवरचा लेख वाचला. चांगला होता, पण सगळी नावं पिळदार दंडवाल्यांचीच आणि ज्याने मारता मारता हसवलं त्याचा कुठे पत्ताच नाही. इटलीचा नट बड स्पेन्सर! आत्ताची पोरं कोण बुवा हा म्हणतील, पण ऐंशीच्या दशकात ज्यांच्या घरात नाहीतर शेजारच्या घरात व्हीसीआर होता त्यांना दाढी, पोट आणि बारीक केलेले डोळे एवढं सांगितलं तरी पुरे. आमच्या वाड्यावर त्याच्या कॅसेट बोटीवर कामाला असलेल्या एकाने आणल्या होत्या, इंग्लिश डबिंगवाल्या.

त्याची फाइट आठवून बघा. समोरून चारजण धावत येतायत, हा जागचा हलत नाही, घास अर्धा चावलेला, चेहऱ्यावर फक्त वैताग, की जेवू पण देत नाहीत. पहिल्याच्या कानाखाली उघड्या हाताची, दुसऱ्याच्या टाळक्यावर वरून खाली मूठ, आणि ज्याला मूठ बसली तो लगेच पडत नाही हां, दोन सेकंद उभा, डोळे फिरतात, गुडघे वाकतात, मग आडवा. रक्ताचा थेंब नाही. कोणी मेलं असं वाटतच नाही, सगळे उठून घरी गेले असणार. हे दिसतं सोपं पण टायमिंग जरा चुकलं तर ती नुसती मारामारी होते, हसू येत नाही.

आणि अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, त्या काळात इटालियन सिनेमात आवाज बहुतेक नंतर भरायचे आणि याचा स्वतःचा उच्चार अस्सल नेपल्सचा, म्हणून इटलीतल्या प्रेक्षकांनाही बऱ्याच सिनेमांत पडद्यावर तो आणि आवाज ग्लाउको ओनोरातो नावाच्या दुसऱ्याच नटाचा. म्हणजे नटाचं अर्धं भांडवल काढून घेतलेलं, उरलं काय तर अंग आणि तोंडावरचे भाव, त्यावर या माणसाने जगभर नाव काढलं. याला अभिनय नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

गोव्यात आमच्या पेडण्याकडे रात्र रात्र बसून दशावतार बघितलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. संकासूर येतो, काळ्या वेशात, वेद पळवणारा राक्षस खरा, पण तोंड उघडलं की अख्खा मांडव हसतो आणि तरी त्याचा दरारा काही कमी होत नाही. स्पेन्सर मला त्याच जातीचा वाटतो.

माणूस पण काय साधासुधा नव्हता. खरं नाव कार्लो पेदेरसोली, जन्म १९२९, नेपल्स. १०० मीटर फ्रीस्टाइल एका मिनिटाच्या आत पोहणारा पहिला इटालियन, १९५० साली, मग १९५२ ला हेलसिंकी आणि १९५६ ला मेलबर्न, दोन ऑलिंपिक. त्याआधी घरचे दक्षिण अमेरिकेत गेले तेव्हा ब्राझीलमध्ये रेसिफेच्या इटालियन कॉन्सुलेटमध्ये नोकरी केली, त्यामुळे पोर्तुगीज यायचं, म्हणजे पणजीतल्या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या फोंतायन्हास वस्तीत एखाद्या बाल्कनीत बसून आमच्या पोर्तुगीज बोलणाऱ्या म्हाताऱ्या पात्रांवाबरोबर, म्हणजे शेटबरोबर, मजेत गजाली मारल्या असत्या की! पडद्यावरचं नाव १९६७ चं, बडवायझर बिअरमधला बड आणि स्पेन्सर ट्रेसीमधला स्पेन्सर. टेरेन्स हिल हा त्याचा जोडीदार, तो पण इटालियनच, मारिओ जिरोत्ती. एक सडपातळ निळ्या डोळ्यांचा वात्रट आणि एक डोंगर. १९७० च्या ट्रिनिटी सिनेमाने जोडी गाजवली, पण माझा आवडता १९७४ चा, ज्यात एका लाल बग्गीसाठी (घोड्याची नव्हे, वाळूवर पळवायची छोटी उघडी मोटार) दोघे भांडतात, बिअर आणि सॉसेज जास्त कोण संपवतो यावर पैज लागते आणि मधेच गुंड येऊन बग्गीचीच वाट लावतात. मग काय, बग्गी भरून दे एवढीच मागणी, आणि त्यापायी अख्ख्या टोळीची धुलाई.

जर्मनीत तर त्याचं भलतंच प्रेम. श्वेबिश ग्म्युंड नावाच्या गावात नव्या बोगद्याला त्याचं नाव द्या म्हणून २०११ साली लोकांनी नेटवर ढीगभर मतं टाकली, नगरपालिका तयार होईना, शेवटी तडजोड म्हणून गावच्या स्विमिंग पूलला बड स्पेन्सरचं नाव दिलं, कारण १९५१ साली तो तिथे शर्यतीत पोहला होता. आमच्याकडे असा वाद झाला असता तर बोगदा राहिला बाजूला, पूलसुद्धा कोर्टात अडकला असता.

आपल्याकडे हा धागा अगदीच तुटलाय असं नाही. १९९८ च्या चायना गेटमधल्या जगीराला बघून घाबरलेली माणसं गोलमालमधल्या वसूलीभाईला बघून खिदळतात, नट एकच, मुकेश तिवारी. पण अवॉर्डच्या वेळी अशांना कोण विचारतो? स्पेन्सर आणि हिललासुद्धा इटलीचा दाविद दि दोनातेल्लो हा सिनेमाचा पुरस्कार मिळाला तो २०१० साली, तोही जीवनगौरव, म्हणजे स्पेन्सर ऐंशीचा झाल्यावर! २०१६ च्या जूनमध्ये तो गेला.

तुमच्या पेपरातून इफ्फीवाल्यांना, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या लोकांना, एक विनंती पोचवा. दर नोव्हेंबरला पणजीत जगभरचे गंभीर सिनेमे आणता, आणा, पण एक संध्याकाळ मिरामारला वाळूत पडदा लावून हा बग्गीवाला सिनेमा दाखवा, डेलिगेट पासची भानगड न ठेवता, म्हणजे आमच्यासारखे पोरंबाळं घेऊन लांबून येणारे पण बघतील. फक्त सहाच्या सुमाराला सुरू करा, आमच्या बाजूची शेवटची बस लवकर सुटते.

एक वाचक, पेडणे