लॅमिंग्टन रोडच्या दादा, ग्राफिक्स कार्ड बसलं बरं का!

दादा नमस्कार,

तुमचं नाव आणि दुकान इथे लिहीत नाहीये, कारण तुम्हीच म्हणालात "ताई नाव टाकू नका, फोन थांबायचा नाही माझा". पण गप्प बसवत पण नाही म्हणून हे असं सगळ्यांसमोर. कार्ड बसलं, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) टाकला, सगळं मस्त चालू आहे.

बाकीच्यांना कळावं म्हणून थोडं सांगते. मी कुडाळच्या आजूबाजूला दशावताराचे प्रयोग शूट करते. कार्तिकी पौर्णिमेनंतर जत्रा सुरू झाल्या की रात्र रात्र शूटिंग, देवळासमोरचा उजेड म्हणजे काय विचारू नका, आणि काळ्या कपड्यातला संकासुर आला की फ्रेमभर नुसता ग्रेन, म्हणजे अंधारातले बारीक ठिपके. तो ग्रेन घालवायला एडिटिंगमधलं डिनॉइज लावायचं म्हटलं की आमचा पीसी जागच्या जागी बसायचा. पीसी म्हणजे ऑफिसातून निघालेला रिफर्बिश्ड टॉवर, इंटेलचा आय५ ६५०० प्रोसेसर, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाहीच, आणि पॉवर सप्लाय २४० वॉटचा. हे २४० वगैरे मला तुमच्यामुळे माहीत, आधी तो फक्त "काळा डबा" होता.

इकडे एका दुकानात विचारलं तर त्यांनी एका मिनिटात आरटीएक्स ३०६० हे कार्ड सांगितलं, वर "पॉवरची वायर नाहीये तर कन्व्हर्टर लावून देतो" असंही. पैसे काढायच्या आधी मावसभाऊ म्हणाला की ग्रँट रोडला एक ओळखीचे आहेत त्यांना एकदा विचार, आणि त्याने तुमचा नंबर दिला.

तुम्ही कुठलंच कार्ड सांगितलं नाहीत, याचंच मला तेव्हा नवल वाटलं होतं. तुम्ही फोटो मागितलेत. कॅबिनेट उघडून आतला, पॉवर सप्लायवरच्या स्टिकरचा, मदरबोर्डला कुठली वायर जाते त्याचा, कार्ड बसतं त्या स्लॉटपासून हार्डडिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत पट्टी धरून, आणि मॉनिटरच्या मागचा. मॉनिटरच्या मागचा कशाला ते मला अजिबात कळलं नव्हतं, खरं सांगते.

मग ते फोटो बघून तुम्ही जे समजावलंत ते मी वहीत लिहून ठेवलंय. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, त्याच्यापुढे लागले तर सप्लायमधून वेगळी वायर हवी, सहा पिनची आणखी ७५ देते आणि आठ पिनची १५०. आमच्या सप्लायला दोन्ही नाहीत. ३०६० ला १७० वॉट लागतात, आणि ते कन्व्हर्टर प्रकरण म्हणजे हार्डडिस्कच्या सेटा वायरीतून करंट खेचणं, त्या प्लगची १२ व्होल्टवरची मर्यादाच ५४ वॉट, प्लास्टिक वितळलेले प्लग तुम्ही स्वतः पाहिलेत म्हणालात. मी म्हटलं मग सप्लायच बदलूया, तर तुम्ही मदरबोर्डच्या फोटोवर गोल करून पाठवलात, की बघा इथे नेहमीचा २४ पिनचा कनेक्टरच नाहीये, डेल, एचपी, लेनोवोच्या ऑफिसवाल्या बऱ्याच मशीनना असाच स्वतःचा वेगळा कनेक्टर असतो, बाजारातला साधा सप्लाय सरळ लागणार नाही. म्हणजे वायर न लागणारंच कार्ड हवं. इथपर्यंत आलो तेव्हा कुठे तुम्ही कार्डांची नावं घ्यायला लागलात!

आणि ती पण एकेक करून खोडलीत. भाच्याला ऑनलाइन खूप स्वस्तात १०५० टीआय हे एनव्हिडियाचं कार्ड दिसत होतं, त्यावर तुम्ही हसलात. काही लोक जुन्या ५५० टीआयचं बायोस (कार्डाच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून तेच १०५० टीआय म्हणून विकतात, विंडोजला पण नाव खोटंच दिसतं, जीपीयू-झेड हे कार्ड तपासायचं सॉफ्टवेअर उघडलं तर ते फेक म्हणून पकडतं. आणि खरं निघालं तरी ते २०१६ चं कार्ड, एनव्हिडियाने त्या पिढीचे गेम रेडी ड्रायव्हर (नव्या गेमसाठीचे अपडेट) ऑक्टोबर २०२५ ला थांबवले, आता फक्त सिक्युरिटी अपडेट. मग आरएक्स ६४००, वॉट कमी लागतात ५३ च, पण त्याला व्हिडिओ एन्कोडरच (एक्स्पोर्टचं काम करणारा भाग) दिलेला नाही आणि डेटा ये-जा करायच्या लेन पण चारच, आमच्या जुन्या पीसीआय एक्सप्रेस ३.० स्लॉटमध्ये ते आणखी मार खातं. इंटेलचं आर्क ए३८० भाच्याला फार आवडलं होतं, पण त्याला रिसायझेबल बार लागतं (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सेटिंग) आणि ते आमच्या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरवाल्या मशीनच्या बायोसमध्ये नाही. शेवटी उरलं आरटीएक्स ३०५०, ते पण ६ जीबीवालं, ७० वॉटचं. ८ जीबीवालं १३० वॉटचं असतं आणि त्याला वायर लागते, नाव मात्र दोघांचं एकच! (असं नाव ठेवणाऱ्याला जत्रेत रात्रभर उभा करायला पाहिजे.) तुम्ही बजावलंत की डब्यावर ६ जीबी बघा, कार्डाच्या कडेला पॉवरचं सॉकेट नाही ना ते बघा, आणि एकाच पंख्याचं आखूड घ्या, लांब घेतलंत तर हार्डडिस्कच्या पिंजऱ्याला अडेल.

एक गोष्ट तर मला आयुष्यभर लक्षात राहील. कार्ड विकायच्या आधी तुम्ही विचारलंत की तुमचं एक्स्पोर्ट स्लो आहे का डिनॉइज स्लो आहे, कारण नुसतं एक्स्पोर्ट असेल तर कार्ड घेऊच नका, तुमच्या प्रोसेसरमध्ये क्विक सिंक (व्हिडिओ एक्स्पोर्ट झटपट करणारी सोय) आहे ते चालू करा, फुकटात होईल. धंदा करणारा माणूस हे बोलतो? डिनॉइजसाठी मात्र कार्ड पाहिजेच म्हणालात, तेव्हाच मी ऑर्डर दिली.

आणि त्या मॉनिटरच्या फोटोचं रहस्य. आम्ही वर्षानुवर्षं निळी व्हीजीए केबल लावून बसलेलो आणि नवीन कार्डाला व्हीजीए नसतंच. भाचा कन्व्हर्टर शोधायला लागला होता, तुम्ही म्हणालात शेजारी पांढरं डीव्हीआयचं सॉकेट आहे ना, मग साधी एचडीएमआय ते डीव्हीआय केबल घ्या, कन्व्हर्टर-बिन्व्हर्टर काही नको. तशीच घेतली, लगेच चित्र आलं, आणि व्हीजीएपेक्षा अक्षरं पण स्वच्छ दिसतात.

बसवताना तर तुम्ही रविवारी जेवण सोडून व्हिडिओ कॉलवर होतात, मागून वहिनींचा आवाज येत होता, त्यांना माझ्याकडून सॉरी सांगा. आधी बायोस अपडेट करून घेतलंत, प्लग काढून पॉवरचं बटण दाबून ठेवायला लावलंत, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून घ्या म्हणालात. मग कार्ड खट आवाज येईपर्यंत दाबलं तरी मागची निळी लॅच बंद होईना, तर तुम्ही मोबाईल खाली धरायला सांगून बरोबर दाखवलंत की कार्डाच्या पत्र्याच्या पट्टीचं टोक खाचेच्या बाहेर राहिलंय. मी डीडीयू (जुन्या कार्डाचे ड्रायव्हर पुसायचं सॉफ्टवेअर) डाऊनलोड करायला बसले होते कारण सगळीकडे तेच लिहिलेलं असतं, तुम्ही म्हणालात जुनं कार्ड होतंच कुठे, पुसणार काय? आणि बायोसमध्ये इंटेलचं डिस्प्ले चालूच ठेवायला सांगितलंत, क्विक सिंक हातचं राहतं म्हणून.

आता डिनॉइज लावून टाइमलाइन चालते. अगदी मक्खन नाही, प्रोसेसर जुना तो जुनाच, फोर के टाकलं की अजून अडखळते, हे पण तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत. पण संकासुराच्या कपड्याची चुणी दिसते आता आणि रात्रीचं काम सकाळपर्यंत टांगून ठेवावं लागत नाही. भाचा त्याच्यावर गेम पण खेळतो, त्याचे आभार त्याने वेगळे मानावेत.

तुम्ही सल्ल्याचे पैसे घेतले नाहीत. म्हणून मावसभावाबरोबर कुळथाचं पीठ, आमसुलं आणि घरचे थोडे काजू पाठवलेत, नाही म्हणू नका, आणि डबे परत पाठवू नका.

विंडोज १० चं मात्र बोलायचं राहिलंय, सहाव्या पिढीला ११ अधिकृत मिळत नाही म्हणालात. गणपतीनंतर फोन करते, फोटो कसले लागतील ते आधीच सांगून ठेवा.

तुमची,
कुडाळची ताई