विषय: रोटरी रीबिल्ड किटमधले साइड सील आखूड, बदलून पाठवले तेही आखूड

व्यवस्थापक / टेक्निकल विभाग,

आत्ता तुमच्या हेल्पलाइनवरचा पाचवा फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसलोय, कारण परत फोन करायची माझी तयारी नाही.

इंजिन माझदाचं १३बी रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं, १९८६ नंतरचं, रोटरच्या टोकांवर २ मिमी जाडीचे एपेक्स सील असलेलं. ऑर्डर देताना हे सगळं लिहून दिलं होतं आणि तुमच्याकडून कन्फर्म पण करून घेतलं होतं. एपेक्स सील बरोबर आले, कॉर्नर सील आणि ऑइल रिंग्जबद्दलही काही म्हणणं नाही. भांडण साइड सीलचं आहे, म्हणजे रोटरच्या बाजूंवर, दोन कॉर्नर सीलच्या मध्ये बसणाऱ्या पट्ट्यांचं. पाकिटावर तुम्ही छापलंय "प्रीकट, घासायची गरज नाही". म्हणून मी ते रोटरच्या खाचेत ठेवले, कॉर्नर सील बसवले, साइड सील एका टोकाला टेकवून दुसऱ्या टोकाला फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला. मॅन्युअलप्रमाणे गॅप ०.०५ ते ०.१५ मिमी हवा, लिमिट ०.४. मला मिळाला ०.४५, ०.५, एका ठिकाणी ०.५५. दोन रोटरचे मिळून १२ साइड सील, त्यातले ९ लिमिटच्या बाहेर, नवे कोरे असताना. सील लांब आला असता तर मीच घासून बसवला असता, सगळे तसंच करतात. आखूड आलेला सील लांब कसा करायचा?

हा गॅप म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायची गरज नसावी. त्या फटीतून गॅस निघून जातो, कॉम्प्रेशन बसतं आणि गाडी गरम झाली की परत स्टार्ट होत नाही.

तुमचं पहिलं उत्तर होतं की इंजिन अनेक वर्षं बंद होतं, त्यामुळे रोटरच झिजला असणार. बंद राहिल्याने रोटर झिजत नाही. गंज येतो, कार्बनने सील खाचेत चिकटून बसतात, हाऊसिंगचं (रोटरभोवतीच्या कवचाचं) क्रोम उडतं, ते सगळं मी बघितलंय, खाचा साफ केल्या आणि मापल्या. तरी तुमचं समाधान व्हावं म्हणून त्याच रोटरमध्ये, त्याच कॉर्नर सीलबरोबर माझे जुने काढलेले साइड सील ठेवून बघितले. गॅप ०.२ आला. जुना वापरलेला सील ०.२ आणि तुमचा नवा ०.५, मग चूक रोटरची कशी? फोटो पाठवले, गेजवरचा आकडा स्पष्ट दिसतोय, त्या मेलला आजपर्यंत उत्तर नाही.

तीन आठवड्यांनी बदलून दुसरा सेट पाठवलात. तोच बॅच नंबर. मापला, १२ पैकी १० लिमिटच्या बाहेर. म्हणजे पाठवण्याआधी कोणी एक सीलसुद्धा मोजून बघितला नाही.

आता आजचा फोन. ४० मिनिटं होल्डवर ठेवल्यावर "सीनियर टेक्निकल" म्हणून एक जण आले. त्यांचा पहिला प्रश्न, "सर, व्हॉल्व्ह लॅप करून घेतले होते का?" मला वाटलं चुकून दुसऱ्या कोणाची फाइल उघडली असेल. मी म्हटलं, अहो रोटरी आहे, याला व्हॉल्व्ह नसतात, पोर्ट असतात आणि रोटरच फिरताना ते उघडतो झाकतो. थोडा वेळ नुसता कीबोर्डचा आवाज. मग म्हणाले, "ठीक आहे, हेड परत टॉर्क करून बघा." हेड पण नसतं, मी सांगितलं. मग म्हणाले की सिलिंडर किती ते टाकल्याशिवाय तक्रार सिस्टीममध्ये पुढे जातच नाही, "मी ४ टाकू का?" रोटरीचं किट विकणाऱ्या कंपनीचा सीनियर माणूस मला हे विचारतोय. मी पुन्हा शांतपणे गॅपचे आकडे सांगायला लागलो तर मध्येच तोडून म्हणाले, "एवढी वर्षं पडलेलं इंजिन आहे ना सर, भंगारात देऊन टाका, त्रास वाचेल." यानंतर मी फोन ठेवला. हात थरथरत होते माझे, खरं सांगतो.

ती गाडी बंद पडली ती माझ्या चुकीने. जागा बदलायला म्हणून दोन मिनिटं चालू केली आणि इंजिन थंड असतानाच बंद केली, पेट्रोलने सीलवरचं तेल धुतलं गेलं, फ्लड झाली ती झालीच. मग कामासाठी बाहेर राहिलो आणि नऊ वर्षं तशीच कव्हरखाली राहिली. परत आल्यावर प्लगच्या भोकातून तेल सोडून रोज हाताने थोडं थोडं फिरवत, महिनाभराने शाफ्ट मोकळा झाला तेव्हा मी एकटाच गॅरेजमध्ये ओरडलो होतो. फ्लायव्हीलचा तो ५४ मिमीचा नट सोडवायलाच दोन दिवस गेले. त्या इंजिनला भंगार म्हणायचा अधिकार तुमच्या माणसाला कोणी दिला?

रिफंड नाकारताना कारण दिलंत "पाकीट उघडलेलं आहे". पाकीट न उघडता सील मापायचा कसा? हे मी तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा हेच वाक्य परत ऐकवलं, पाकीट उघडलेलं आहे. इकडे इंजिन टेबलावर सुटं पडलंय, साइड हाऊसिंग कास्ट आयर्नची, गंजू नयेत म्हणून दर आठवड्याला पुसून परत तेल लावतोय.

तुमच्याकडून किट घेतलं कारण रोटरीचे पार्ट बनवणारेच किती उरलेत, आणि तुमचं नाव मी पंधरा वर्षं चांगलंच ऐकलं होतं. ते नाव मी स्वतः इतरांनाही सांगितलंय, याचं आता जास्त वाईट वाटतं.

मला वेगळ्या बॅचचे १२ साइड सील हवेत, निघायच्या आधी मापलेले, प्रत्येकाची लांबी लिहून. नाहीतर पूर्ण पैसे परत. १५ दिवस थांबतो. नंतर कार्डवरून पेमेंट डिस्प्यूट करीन आणि दोन्ही सेटचे फोटो बॅच नंबरसकट ओळखीच्या प्रत्येक रोटरीवाल्याला पाठवीन, म्हणजे कोणी हे सील न मापता बसवून इंजिन जोडून टाकणार नाही.

उत्तर लेखी द्या. आणि ज्याने रोटर हातात घेतलाय त्याच्याकडूनच द्या.