काल्मिकांना १९५७मध्ये नेमके काय परत मिळाले?

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत सोव्हिएत राजवटीतील सामूहिक हद्दपारीवर आलेला लेख वाचला. त्यात ‘१९५७मध्ये काल्मिकांना त्यांचे प्रजासत्ताक परत मिळाले’ असे एक वाक्य आहे. ते अपुरे आहे, म्हणून हे पत्र.

व्होल्गेच्या खालच्या भागात, कॅस्पियन समुद्राच्या पश्चिमेकडील गवताळ प्रदेशात राहणाऱ्या या बौद्ध समाजाला १९२०मध्ये स्वायत्त प्रदेश आणि १९३५मध्ये स्वायत्त प्रजासत्ताक असा दर्जा मिळाला. पण दर्जा चढत असतानाच १६४८पासूनची त्यांची ‘तोदो बिचिग’ लिपी मोडीत काढून आधी सिरिलिक, मग लॅटिन आणि १९३८मध्ये पुन्हा सिरिलिक लादली गेली, तर ‘खुरुल’ म्हणजे त्यांची बौद्ध मंदिरे ते दशक संपेपर्यंत बंद पडली होती. स्वायत्तता कोणाच्या मर्जीवर होती, हे तेव्हाच दिसत होते.

२७ डिसेंबर १९४३च्या हुकमाने संविधानात नाव असलेले हे प्रजासत्ताक बरखास्त झाले आणि पुढच्या दोन दिवसांत नव्वद हजारांहून अधिक माणसे मालगाड्यांत कोंबून ऐन थंडीत सैबेरियाला धाडली गेली. आरोप जर्मनांना साथ दिल्याचा. काही हजार काल्मिक जर्मनांच्या घोडदळात होते, हे खरेच. पण लाल सेनेत लढणाऱ्या काल्मिक सैनिकांनाही १९४४मध्ये आघाडीवरून काढून श्रमछावणीत पाठवले गेले, त्याचा खुलासा त्या आरोपातून होत नाही. या मोहिमेला नाव दिले होते ‘उलुसी’. उलुस हा काल्मिकांचाच शब्द, त्यांच्या पारंपरिक प्रादेशिक विभागाचा! मुलूख शेजारच्या प्रांतांत वाटला गेला आणि राजधानी एलिस्ताचे नाव ‘स्तेपनोय’ झाले.

आता १९५७. जानेवारीत, काल्मिकांसारख्याच हद्दपार झालेल्या कॉकेशसमधील चेचेन-इंगुश लोकांना थेट स्वायत्त प्रजासत्ताक मिळाले. काल्मिकांना मात्र स्ताव्रोपोल प्रांताच्या अखत्यारीतील स्वायत्त प्रदेश, म्हणजे १९३५पूर्वीचाच दर्जा. प्रजासत्ताक व्हायला जुलै १९५८ उजाडले. शिवाय व्होल्गेच्या मुखाजवळचे त्यांचे दोन जिल्हे आस्त्राखान प्रांताकडेच राहिले आणि आजही तिथेच आहेत.

आपला,
एक वाचक, पुणे