180 ग्रॅमची गोळी?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत शिकारीच्या जुन्या आठवणींचा लेख आला तो आमच्या कट्ट्यावर सगळ्यांनी वाचला, लिहिलाय चांगला, खरं त्यात एका ठिकाणी '180 ग्रॅमची गोळी' असं छापलंय. अहो क्रिकेटचा लेदर बॉल 160 ग्रॅमचा असतोय, मग ही गोळी काय तोफेतनं उडवायची? ते ग्रेन आहे हो, गोळीचं वजन मोजायचं जुनं माप, ग्रॅम नव्हे. 180 ग्रेन म्हणजे पावणेबारा ग्रॅमच्या आसपास. मी फौजेत आर्मोरर होतो, सगळी नोकरी रायफली खोलण्यात आणि जोडण्यात गेली, त्यामुळे असलं काही दिसलं की राहवत नाही.

तेवढंच असतं तर सोडून दिलं असतं. खरं लेखाच्या शेवटी म्हटलंय की मोठ्या जनावराला गोळी जेवढी जड तेवढी चांगली, आणि ते वाचून कट्ट्यावरच्या चार जणांनी माना डोलवल्या, म्हणून हे लिहालोय.

माझा भाचा अमेरिकेत मोंटानात असतो. तिकडं शिकार कायद्यात बसते, लायसन आणि टॅग (म्हणजे जनावर मारायच्या परवान्याची चिठ्ठी) काढायचा, सीझन ठरलेला, एका टॅगवर एकच जनावर. तो एल्क मारतो, म्हणजे आपल्या सांबराच्या जातीतलंच खरं त्याहून मोठं, नर तीनशे किलोच्या पुढं जातोय. आधी तो थर्टी-ऑट-सिक्स नावाच्या काडतुसाच्या रायफलीत 180 ग्रेनची शिशाची गोळी वापरायचा, आता 150 ग्रेनची सगळी तांब्याची वापरतो. फोनवर म्हणाला तेव्हा मीच त्याला वेड्यात काढलं होतं. आमच्या फौजेत जुनी एसएलआर रायफल जाऊन बारीक गोळीची इन्सास रायफल आली तेव्हा जुनी माणसं अशीच कुरकुरायची, की गोळी हलकी झाली, आता माणूस पडतोय कुठला. (फौजेची गोळी बाहेरनं तांब्याची दिसते म्हणून काही जणांना तीच तांब्याची गोळी वाटते, तसं नाही, ते नुसतं कवच, आत शिसंच.)

मग भाच्यानं सांगितलं ते डोक्यात बसलं, कारण हिशोब साधा आहे. शिशाची घनता 11.34 आणि तांब्याची 8.96, म्हणजे तेवढ्याच वजनाची गोळी तांब्याची केली की ती लांब होणार. लांब गोळी हवेत सरळ ठेवायला नळीतल्या गोळी फिरवणाऱ्या खाचांना पीळ जास्त लागतो, आणि ती काडतुसात दारूची जागा पण खाते. म्हणून वजन एक-दोन पायऱ्या खाली घ्यायचं. शिवाय तांबं कडक, ते वेग असल्याशिवाय उमलत नाही. गोळीच्या तोंडाला पोकळी ठेवलेली असते, जनावरात शिरल्यावर तिच्या चार पाकळ्या उघडतात, खरं वेग सेकंदाला साडेपाचशे-सहाशे मीटरच्या खाली गेला की बऱ्याचदा उघडतच नाहीत, गोळी सुईसारखी आरपार निघून जाते आणि जनावर जखमी होऊन कुठंतरी झाडीत मरतं. 180 ग्रेनची गोळी नळीतनं साधारण 820 मीटरनं सुटते, 150 ची 880 नं. हा जादा वेग त्या पाकळ्यांसाठीच पाहिजे असतो.

आणि वजनाचं म्हणाल तर शिशाची साधी गोळी आत फुटते, तुकडे उडतात, 180 मधलं समजा चाळीस टक्के गेलं तर शिल्लक 108. तांब्याची जवळजवळ आहे तशी राहते, 150 मधलं 145 च्या वर. आता सांगा पुढं जाताना जड कुठली?

बार्न्स नावाच्या कंपनीनं असली गोळी 1989 मध्ये बाजारात आणली, तेव्हा लोक नळीत तांबं साठतंय म्हणून वैतागले होते, मग पुढं गोळीवर खाचा पाडल्या आणि ते पुष्कळ कमी झालं. किंमत अजून जास्त आहे, लांबच्या पल्ल्याला जपून वापरावी लागते, आणि प्रत्येक रायफलीला कुठली गोळी मानवते ते टार्गेटवर मारूनच बघायचं. मीसुद्धा पन्नास रायफली एकाच साच्यातल्या असून पन्नास स्वभावाच्या बघितल्यात.

शिशाचा दुसरा त्रास मांसात. बारीक कण जखमेपासून लांबपर्यंत पसरतात, डोळ्याला दिसत नाहीत, एक्सरेत दिसतात, आणि शिकाऱ्यानं टाकलेली आतडी खाऊन गिधाडं मरतात. कॅलिफोर्नियाचा काँडोर, म्हणजे तिकडचं मोठं गिधाड, 1982 मध्ये फक्त 22 उरला होता, त्याच्या मरणात शिशाचा वाटा मोठा. तिथं 2019 पासून शिकारीला शिशाची गोळी पूर्ण बंद, डेन्मार्कनं 2024 मध्ये केली. आपल्याकडची गिधाडं गेली ती गुरांच्या डायक्लोफिनॅकनं, ते वेगळं, खरं लहानपणी मेलेल्या म्हशीवर उतरलेली गिधाडं बघितलेल्या माणसाला काँडोरचं दुःख सांगावं लागत नाही.

आपल्याकडं 1972 च्या कायद्यानं शिकार बंद आहे ते बरंच आहे, कुणी हे वाचून भीमगडच्या रानात शिरायचा विचार करू नये. जांबोटी-कणकुंबीकडं रानडुकरं आणि गवे भात तुडवतात, रात्रभर माळ्यावर बसून लोक डबे बडवतात, त्याचा इलाज सरकारनं करायला पाहिजे, तो विषय वेगळ्या पत्राचा. खरं पीक राखायच्या लायसनची ठासणीची बंदूक अजून काही घरांत आहे, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होते आणि नंतर परत येते. तिचे छर्रे करायला जाळ्याचं शिसं चुलीवर वितळवतात, त्याच चुलीवर नंतर भाकरी, आणि पोरं शेजारी बसलेली. मी स्वतःच्या डोळ्यानं बघितलंय, बोललो तर म्हणाले, आजोबाबी असंच करायचे. त्या धुराबद्दल तुमच्या आरोग्याच्या पानावर कुणा डॉक्टरांकडनं लिहून घेतलं तर बरं होईल.

आणि तेवढं ते ग्रॅमचं ग्रेन करून दुरुस्ती छापा.

आपला,
एक निवृत्त आर्मोरर,
ता. खानापूर, जि. बेळगाव