अंथरुणावरची रात्र डॉक्टरांपर्यंत पोहोचावी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अर्धांगवायूनंतर माझी आई सव्वा वर्ष अंथरुणाला खिळून होती. वाचा गेलेली. डॉक्टर महिन्यातून एकदा दुपारी येत, तेव्हा ती शांत पडलेली असे. ‘रात्री कशा असतात?’ या प्रश्नावर ‘कण्हते, छातीत घरघरतं’ यापलीकडे मला सांगता येत नसे. शेवटी मोबाइल उशाशी ठेवून तीन रात्री रेकॉर्डिंग केलं. डॉक्टरांनी वेळा ताडून पाहिल्या. घरघर वाढत होती ती रात्रीचं भरवल्यानंतरच्या तासाभरात. गिळणं अवघड झाल्यामुळे घास श्वासनलिकेत उतरत असावा, असं ते म्हणाले. त्यांच्या सांगण्यावरून पातळ पेज बंद करून दाटसर भरवू लागलो, नंतर अर्धा तास तिला टेकवून बसवू लागलो. खोकला बराच उतरला. हे आधीच का कळलं नाही, ही रुखरुख मला अजून आहे.

आता याहून चांगली साधनं आपल्या देशातच तयार होतात. गादीखाली एक पातळ सेन्सर-पट्टी सरकवायची. हृदयाच्या ठोक्याने आणि श्वासाने शरीराला बसणारे बारीक हादरे ती टिपते. अंगाला वायर नको की चिमटा नको. विश्रांती घेणाऱ्या प्रौढ माणसाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा होतो. तो २५च्या पुढे राहू लागला, तर डॉक्टरांना वेळीच कळवता येतं. रुग्ण किती वेळ हललेला नाही, हेही समजतं. बेडसोर (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) टाळण्यासाठी दर दोन तासांनी कूस वळवायला मात्र माणसाचेच हात लागतात.

वॉकर, हवेच्या गाद्या जशा रुग्णसाहित्य केंद्रांतून मिळतात, तशा या पट्ट्याही मिळाव्यात. पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे गंभीर आजारात रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेचा, राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून आहे. जिल्हा रुग्णालयांनी त्यातून हे काम हाती घ्यावं.

एका गोष्टीचा मात्र आग्रह आहे. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये आईचं रडणं होतं आणि सोबतीच्या मावशींचं लेकीशी फोनवरचं बोलणंही. डॉक्टरांना ऐकवण्याआधी मी ते कापलं. कंपनीच्या सर्व्हरवर गेलं असतं तर कोणी कापलं असतं? खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितलं आहे, आणि तो वाचा गेलेल्या माणसालाही आहे. तेव्हा आवाजही टिपणारं यंत्र असेल, तर त्याने खोकला, श्वास, कण्हणं मोजून फक्त आकडे पाठवावेत आणि आवाज घरातल्या घरात पुसून टाकावा. खोलीत यंत्र चालू आहे, हे सेवेला येणाऱ्या बाईंना पहिल्याच दिवशी सांगावं.

– एक वाचक, सांगली