जुळवून घेण्याच्या अटी

दांडिया बाजार,
बडोदे

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. नव्या जागी बस्तान बसले हे वाचून समाधान वाटले. परंतु पत्राच्या शेवटी तू जे विधान ठोकून दिले आहेस, त्यावर गप्प बसणे मला जमणार नाही. सजीव परिस्थितीशी जुळवून घेतातच, लाखो वर्षे घेत आले आहेत, मग दोन अंश तापमान वाढले म्हणून एवढी ओरड कशाला, असे तू विचारतोस. यातील पहिला अर्धा भाग खरा आहे, आणि तो किती विलक्षण रीतीने खरा आहे ते आधी सांगतो. म्हणजे दुसऱ्या अर्ध्याशी भांडायला मी मोकळा.

तू दोन निराळे व्यवहार एकाच खात्यात जमा केले आहेस. पिढ्यान्‌पिढ्या निवड होत होत एखाद्या जातीची जनुकेच बदलतात, हा एक. आणि जनुके तीच राहून एखाद्या जीवाचे शरीर त्याच्या स्वतःच्या आयुष्यात भोवतालाप्रमाणे वेगळे घडते, हा दुसरा. लेहला गेलेल्या आपल्यासारख्या मैदानी माणसाचे हिमोग्लोबिन काही आठवड्यांत वाढते, ते दुसऱ्या खात्यातले. तिबेटी लोकांचे पूर्वज हजारो वर्षे तशा उंचीवर राहिले, तरी त्यांचे हिमोग्लोबिन आपल्याइतके चढत नाही, कारण ईपास-१ या जनुकाचे त्यांच्यात निवडले गेलेले रूप ही वाढ आवरून धरते, आणि रक्त फार दाट झाल्याने होणारा त्रास त्यांना सहसा होत नाही. शरीराने तातडीने केलेली सोय आणि जातीला दीर्घकाळात सापडलेली वाट या कधीकधी अशा परस्परविरुद्ध दिशेच्या असतात. मी पुढे लिहितो आहे ते तातडीच्या सोयीविषयी, म्हणजे ज्याला जैविक लवचीकता म्हणतात त्याविषयी.

तिचा निखळ दाखला डबक्यातल्या डॅफ्निया या पाणपिसवेने दिला. अनुकूल दिवसांत तिची मादी नराविना पिले देते, त्यामुळे आई आणि लेकी जनुकांच्या बाबतीत एकसारख्याच असतात. रिचर्ड वोल्टरेक या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने अशा वंशांना कमी-अधिक अन्न देऊन त्यांच्या डोक्याची उंची मोजली आणि १९०९ मध्ये असे मांडले की कोणत्या परिस्थितीत कोणता आकार घ्यायचा याचा संपूर्ण नियमच वारशाने मिळतो. पुढे असेही दिसून आले की डॅफ्निया खाणाऱ्या, डासांच्या नात्यातील एका माशीच्या अळ्या ज्या पाण्यात राहिल्या, ते पाणी गाळून नुसते ओतले तरी डॅफ्नियाच्या पिलांच्या मानेवर बचावाचे दाते उगवतात. शत्रू समोर नसला तरी त्याचा वास पुरतो. माझ्या मते सगळी गोम या वासात आहे, कारण शरीर ज्याला उत्तर देते ती संकटाची केवळ खूण असते.

फुलपाखरांत ही गोष्ट आणखी स्पष्ट होते. तिन्हीसांजेला पाचोळ्यातून उठणारे कॉमन इव्हनिंग ब्राउन तू पाहिलेले आहेस. पावसाळ्यात त्याच्या मिटलेल्या पंखांवर पिवळसर कडीचे डोळे ओळीने उमटलेले असतात. कोरड्या ऋतूत जन्मलेल्याच्या पंखांवर ते ठिपक्यांपुरते उरतात आणि सारा पंख वाळक्या पानाच्या रंगाचा होतो. ही दोन रूपे पूर्वी निरनिराळ्या जातींची मानली जात. लायोनेल डी निसेव्हिल यांनी कलकत्त्यात अंड्यांपासून ती वाढवून १८८६ मध्ये दाखवून दिले की ती एकाच जातीची ऋतुरूपे आहेत. याच कुळातील एका आफ्रिकी फुलपाखरावर नेदरलँड्समधील लायडन येथे पुष्कळ काम झाले आहे. ते जिथले, त्या आफ्रिकेतील मलावी देशात पावसाळा उबदार आणि कोरडा ऋतू थंड असतो. अळी मोठी होत असताना हवा उबदार असेल तर संप्रेरकाची वेळ बदलते आणि डोळे ठळक होतात, थंड असेल तर पुसट. अळीला पुढचा ऋतू ठाऊक असण्याचे कारण नाही. तिला फक्त उष्मा कळतो, आणि उष्मा व पाऊस यांची जोडी आजवर फुटली नाही म्हणून तिचा अंदाज बरोबर येतो. ती जोडी फुटली, हवा उबदार राहिली आणि गवत मात्र वाळले, तर ठळक डोळ्यांचे फुलपाखरू पिवळ्या पाचोळ्यात पक्ष्यांना आयतेच सापडेल, आणि एकदा कोषातून बाहेर आल्यावर त्याला पंख बदलता येणार नाही.

वनस्पतींचे या बाबतीत बरे आहे. आमच्या मागल्या आंब्यावर मनी प्लँटचा एक वेल चढला आहे. त्याचीच फांदी स्वयंपाकघरातल्या बाटलीत आहे. तिची पाने तळहाताएवढी, अखंड आणि बदामी, तर आंब्यावर दहा-बारा फूट उंचीवरची पाने सुपाएवढी आणि कडेपासून मध्यशिरेकडे चिरत गेलेली. खोडाचा आधार धरून वर चढणे हीच वेलाची खूण. वरचा शेंडा कापून खाली लोंबता ठेवला की पुढची पाने पुन्हा लहान येऊ लागतात. जुने पान बदलत नाही, पण नवे पान सुधारून काढता येते. ही चैन प्राण्यांना क्वचितच मिळते.

आपल्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीतल्या मगरींना तर नाहीच. मगरीच्या अंड्यातून नर निघणार की मादी, हे अंडी उबण्याच्या मधल्या काळात घरट्याचे तापमान किती होते त्यावर ठरते. आपल्याकडच्या मगरीच्या जातीत २८ ते ३१ अंशांना सगळ्या माद्या निघतात, ३२.५ अंशांच्या आसपास नर, आणि ३३ अंशांना पुन्हा दोन्ही. तुझे ते 'दोनच अंश' इथे लावून पाहा. मादी घरट्याची जागा आणि खोली निवडू शकते हे खरे, पण त्यासाठी तिला नदीकाठी मोकळी, कधी सावलीची तर कधी उन्हाची माती हवी. आणि काठ बांधून काढण्याचा आपल्या शहरांना किती सोस आहे ते मी तुला सांगायला नको.

आता माणसाकडे येतो. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतील बाळांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. पुण्याकडील बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तिकडच्यांचे ३.५, पण कमतरता स्नायूंत आणि पोटातील अवयवांत अधिक होती, त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. हेल्स आणि बार्कर या ब्रिटिश संशोधकांनी १९९२ मध्ये मांडलेली उपपत्ती अशी की गर्भाला पोषण कमी मिळाले की शरीर काटकसरीवर बांधले जाते, आणि पुढे सुबत्ता आली की तेच शरीर मधुमेहाला लवकर बळी पडते. मला ही उपपत्ती पटते. (बडोद्यात राहून सेव-उसळीला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही, तरी लिहितो.) गर्भाची चूक काहीच नसते. आईच्या रक्तातून जी बातमी आली तिच्यावर त्याने विश्वास ठेवला; ती बातमी एका काळाची होती आणि जगणे दुसऱ्याच काळात आले.

तुझ्या बाजूचा पुरावाही दडवून ठेवत नाही. युरोपातील ग्रेट टिट हा चिमणीएवढा पक्षी झाडांवरच्या अळ्यांचा सुकाळ साधून पिले वाढवतो, आणि अंडी कधी घालायची हे वसंतातील उबेवरून ठरवतो. ऑक्सफर्डजवळच्या वायथम वनात १९६१ पासूनच्या नोंदींत ही अंडी सुमारे दोन आठवडे अलीकडे आली आहेत. अळ्याही तेवढ्याच अलीकडे आल्या, आणि पक्ष्यांनी हा मेळ बहुतांशी केवळ लवचीकतेवर राखला. नेदरलँड्समधील होगे वेलुवे येथे मात्र अळ्या पुढे निघून गेल्या आणि पक्षी मागे पडले. जात तीच, खुणेवर विसंबण्याची रीतही तीच. पण तिथे अंडी घालण्याच्या वेळची ऊब आणि अळ्या वाढण्याच्या वेळची ऊब सारख्या वेगाने वाढली नाही. तू वायथम धरून बसला आहेस, आणि होगे वेलुवेचे काय ते तुझ्या पुढच्या पत्रात वाचण्याची मला उत्सुकता आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा,
माधव