मंजे, ईशाच्या पाळीबद्दल लिहितेय, नीट वाच

मंजे,

काल फोन ठेवला तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे. तू सहज सांगितल्यासारखं सांगितलंस की ईशाला आज चौदावा दिवस, डॉक्टर म्हणाले नवीन नवीन पाळीत होतं असं, दोन वर्षांत आपोआप बसेल, आणि लगेच तू उन्हाळी कामांवर गेलीस. मागे तुझ्या सासूबाई होत्या हे मला आवाजावरून कळलं म्हणून मी पण जास्त विचारलं नाही. पण त्या मागून जे बोलल्या ते मी ऐकलं, "आमच्या घरात पोरींना असंच जातं, माझी नणंद तर पंधरा पंधरा दिवस बसायची". मंजे, ते वाक्य ऐकून माझ्या पोटात गोळा आला, कारण अगदी तेच वाक्य ऐकत मी २६ वर्षं काढली.

तुला आपली हॉस्टेलची खोली आठवते ना. माझ्या गादीवर प्लॅस्टिक, त्यावर आईची जुनी साडी चार घड्या करून, आणि तरी पहाटे चारला तू माझी चादर उचलून बाथरूममध्ये थंड पाण्यात बुडवून ठेवायचीस, कुणाला दिसू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी मी दोन पॅड एकावर एक लावून कॉलेजला यायचे आणि तू माझ्या मागून चालायचीस, ओढणी सारखी करत. आणि मी पाटीवरची पेन्सिल खायचे, आठवतंय? डबाच्या डबा संपवायचे, तू हातातून काढून घ्यायचीस. आपल्या दोघींनाही ती नुसती घाणेरडी सवय वाटायची. अंगात लोह कमी पडलं की माती, पेन्सिल, कच्चे तांदूळ, बर्फ असं काहीही खावंसं वाटतं हे मला चाळिशीच्या जवळ आल्यावर कळलं. ईशा असलं काही खाते का, आज बघ. तिच्या दप्तरात बघ.

आता माझं सगळं सांगते, कारण तुला अर्धंच माहितीये, लग्नानंतरचं मी कधी धड बोललेच नाही.

मला आठवीत पाळी आली तेव्हापासून नऊ-दहा दिवस जायचं. आईने एकदा आत्याला विचारलं, आत्या म्हणाली आपल्यात असंच असतं, आजीला पण असंच होतं. झालं, विषय संपला. पुढे किती डॉक्टर झाले बघ, गावातले एक, लग्नानंतर कराडचे दोन, मग साताऱ्यातल्या एक मॅडम, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, पाळी नियमित आहे का? आणि मी काय सांगणार, नियमितच होती गं, २८ दिवसांनी यायची, घड्याळासारखी. मी हो म्हणायचे आणि ते पुढचं लिहायला लागायचे. किती जातं, किती दिवस जातं, गाठी पडतात का, रात्री उठावं लागतं का, हे कुणी विचारलंच नाही. मी पण सांगितलं नाही. बाहेर साठ पेशंट बसलेले, आत पडद्याच्या बाजूला कंपाऊंडर, शेजारी सासूबाई नाहीतर हे, तिथे कसं सांगायचं की खुर्चीवरून उठले की खुर्ची बघावी लागते. लोहाच्या गोळ्या मिळायच्या, त्या मी महिनाभर घ्यायचे, पोट बिघडायचं, मग बंद.

धाकट्याच्या वेळी बाळंतपण नीट झालं, घरी आले आणि दहा-बारा दिवसांनी जे सुरू झालं ते थांबेच ना. एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, ६.८. दोन पिशव्या रक्त चढवलं, क्युरेटिंग केलं, आणि मला सांगितलं बाळंतिणीला जातंच. पुढे ३६ व्या वर्षी एका डॉक्टरांनी सोनोग्राफी बघून (रिपोर्ट नॉर्मल होता बरं का, फायब्रॉइड म्हणजे पिशवीतल्या गाठी, त्या नाहीत काही नाही) सांगितलं, दोन मुलं झाली ना, मग गर्भाची पिशवी काढून टाका, कटकट गेली. ह्यांनी पैशाची जुळवाजुळव पण सुरू केली होती. आमच्या शाळेत ऊसतोडीच्या टोळीतली मुलं येतात हंगामात, बीडकडची, त्यातल्या एका आईला मी म्हणलं माझं ऑपरेशन ठरलंय, तर ती म्हणाली बाई माझं तर कधीच झालंय, वय असेल तिशीच्या आत. मग मला ते आठवलं, २०१९ ला सरकारी पाहणी झाली होती बघ, बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. मला तेव्हा पहिल्यांदा राग आला, की का जातंय हे कुणी शोधतच नाही, सरळ अवयवच काढायचा.

तेवढ्यात माझी अक्कलदाढ काढली. ती जागा तिसऱ्या दिवसापर्यंत वाहत होती, कापूस बदलून बदलून थकले, परत गेले दातांच्या डॉक्टरकडे. पोरगीच होती गं, नुकतीच प्रॅक्टिस सुरू केलेली. तिने टाका घातला, मला खुर्चीत तसंच बसवून ठेवलं आणि विचारत गेली, लहानपणी नाकातून रक्त यायचं का, उगाच काळे-निळे डाग पडतात का, बाळंतपणात जास्त गेलं का, आणि पाळीत किती पॅड लागतात? किती! मी तिथे रडायलाच लागले. तिने चिठ्ठी लिहून दिली, रक्तविकाराच्या डॉक्टरकडे जा म्हणाली, पिशवीचं ऑपरेशन त्याआधी अजिबात करू नका.

निघाला व्हॉन विलेब्रांड नावाचा आजार. रक्त गोठायला एक प्रथिन लागतं, जखमेच्या जागी रक्तातल्या प्लेटलेट्सना धरून ठेवणारं, ते माझ्यात कमी आहे. ५० च्या वर असायला पाहिजे ते माझं २८ आलं, दोन महिन्यांनी परत तपासलं तेव्हा ३१. हिमोफिलिया, रक्त न गोठण्याचा दुसरा आजार, तो बहुतेक मुलग्यांमध्ये दिसतो, हा मुली-मुलगे दोघांना होतो, आणि आईकडून किंवा बापाकडून येतो. म्हणजे आजी, आत्या, मी. आपल्यात असंच असतं हे खरंच होतं गं, फक्त ते ऐकून सगळे गप्प बसायचे तिथे खरं तर तपासायला पाहिजे होतं. आणि ते न कळता पिशवीचं ऑपरेशन झालं असतं तर टेबलावर काय झालं असतं ह्याचा मी अजून विचार करत नाही.

एक सांगते, घाबरू नकोस, पण तुला माहीत असायला हवं. ह्या आजाराला ज्या डॉक्टरांचं नाव आहे ते फिनलंडचे एरिक व्हॉन विलेब्रांड, त्यांनी १९२४ ला ऑलंड बेटांवरची एक पाच वर्षांची मुलगी तपासली होती, योर्डिस नावाची, तिची भावंडं आधीच रक्त जाऊन गेलेली. त्यांनी १९२६ ला ते सगळं लिहून काढलं. ती मुलगी पुढे तेराव्या वर्षी गेली, चौथ्या पाळीत. मी ते वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर आपलंच हॉस्टेल आलं आणि काल रात्री ईशा आली. तेव्हा औषधंच नव्हती. आता आहेत, आणि साधी आहेत, म्हणून तर एवढं लिहितेय. आणि ईशाला हेच असेल असं मी म्हणत नाही. डॉक्टर म्हणाले तसंही असू शकतं, सुरुवातीच्या वर्षांत अंडं दर महिन्याला तयार होत नाही म्हणून पाळी लांबते, बऱ्याच मुलींचं तसंच असतं, थायरॉईड पण असू शकतं. पण चौदा दिवस जातंय आणि बापाच्या घरात सगळ्या बायकांना असंच जायचं, ह्या दोन गोष्टी एकत्र आल्यावर तपासल्याशिवाय सोडायचं नाही.

आता काय करायचं ते. उद्या सकाळी आधी सीबीसी आणि फेरिटिन करून घे, सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, त्यात एचबी पण येतं, आणि फेरिटिन म्हणजे साठवणीतलं लोह, एचबी बरं दिसलं तरी ते तळाला गेलेलं असू शकतं, माझं ५ होतं. आणि मंजे, तासाला एक पॅड भिजायला लागलं आणि दोन तास तसंच चाललं, किंवा ती उभी राहिल्यावर डोळ्यापुढे अंधारी आली, ओठ पांढरे दिसले, धाप लागली, तर कुणाला विचारत बसू नकोस, सरळ कॅज्युअल्टीत ने, रात्री दोनला सुद्धा.

दुसरं, वही कर. मला जेव्हा पहिल्यांदा कुणी खुर्ची पुढे सरकवून ऐकलं तेव्हा माझ्या हातात वही होती. ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी १९९० मध्ये एक मार्कांची पद्धत काढली, पॅड थोडं डागलं तर १, निम्मं भिजलं तर ५, पूर्ण भिजलं तर २०, छोटी गाठ १, मोठी गाठ ५, सगळ्या दिवसांची बेरीज १०० च्या वर गेली की जास्तच जातंय. आपण मास्तरणी, मार्क तर देता येतात. माझी एका महिन्याची बेरीज ४१२ आली होती. ईशालाच लिहू दे, तिला लाजल्यासारखं होणार नाही, आणि शाळा किती दिवस बुडली, रात्री किती वेळा उठली, हे पण लिहा. मी वही टेबलावर ठेवली, डॉक्टरांनी स्वतः पान उलटलं, आणि मला एक शब्द बोलावा लागला नाही.

आत गेलीस की पहिल्या वाक्यातच सांग, १४ दिवस जातंय, इतके पॅड, आणि वडिलांच्या घरात बायकांना असंच जातं. पाळी नियमित आहे का विचारलं तर नुसतं हो-नाही म्हणून थांबू नकोस, पुढचं न विचारता सांग. होतं असं म्हणाले तर म्हण, बरोबर आहे डॉक्टर, पण दुसरं काही नाही हे एकदा बघून घेऊया, पीटी, एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघतात), थायरॉईड आणि व्हॉन विलेब्रांडची टेस्ट लिहून द्या. भांडायचं नाही, पण चिठ्ठी घेतल्याशिवाय उठायचं पण नाही. आणि एपीटीटी नॉर्मल आली म्हणून कुणी सोडून द्या म्हणालं तर ऐकू नकोस, सौम्य आजारात ती नॉर्मल येते, प्रथिनाची वेगळी टेस्ट लागते, ती पण कधी कधी दोनदा, कारण ताण असला, आजारी असलं की आकडा तात्पुरता वाढतो.

सासूबाईंना बरोबर घेऊन जा. मी हे मनापासून म्हणतेय. नणंदेचं काय झालं, बाळंतपणात कुणाला रक्त चढवलं, दात काढल्यावर कुणाचं थांबत नव्हतं, हे त्यांनाच माहितीये. त्यांना सांग डॉक्टरांना तुमच्याकडूनच माहिती पाहिजे.

गोळ्यांचं. पोटात दुखतं म्हणून तिला मेफ्टाल किंवा कॉम्बिफ्लाम देत असशील तर निदान होईपर्यंत थांब, त्या प्लेटलेट्सचं काम आणखी मंद करतात, पॅरासिटामॉल दे आणि गरम पाण्याची पिशवी. गणपतीत पाळी पुढे ढकलायची जी गोळी आपल्याकडे बायका मेडिकलमधून आणतात ती स्वतःच्या मनाने तिला देऊ नकोस, तीच गोळी डॉक्टर रक्त थांबवायला देतात पण किती आणि किती दिवस ते त्यांनीच ठरवायचं. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड म्हणून रक्त जाणं कमी करायचं औषध आहे, जपानमधल्या उताको ओकामोतो नावाच्या बाईने नवऱ्याबरोबर शोधलं १९६२ च्या सुमारास, जायच्या दिवसांतच घ्यायचं, मला त्याने निम्म्यावर आलं. आणि कदाचित डॉक्टर ईशाला हार्मोनच्या, म्हणजे गर्भनिरोधकाच्याच गोळ्या लिहून देतील. तेव्हा घरात वादळ होईल, कुमारी मुलीला असल्या गोळ्या म्हणून, मला माहितीये. तिच्यासाठी ते रक्त थांबवायचं औषध आहे, एवढंच सांग, पाकिटावर काय लिहिलंय ते कुणाला दाखवायची गरज नाही. मी ३९ व्या वर्षी मिरेना, म्हणजे पिशवीच्या आत बसवायची हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू, बसवून घेतली, पहिले पाच-सहा महिने थोडं थोडं डाग पडत राहिले, कंटाळले होते, पण आता महिन्याला दोन दिवस, एक साधं पॅड. एचबी १२.४. पिशवी जागेवर आहे. गेल्या महिन्यात सज्जनगड चढले गं, न थांबता.

व्हॉन विलेब्रांडची टेस्ट सोलापुरातून पाठवण्यापेक्षा मुंबईतच करू, रक्त लांब न्यावं लागलं की आकडा चुकू शकतो. परळला केईएम हॉस्पिटलच्या आवारात आयसीएमआरची, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची, रक्तविकारांची संस्था आहे, मी तिथेच केली होती, कुठली खिडकी, कुठे बसायचं, सगळं माहितीये. आधी तिथल्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि दिवस घ्यावा लागतो, ते मी फोन करून बघते. तुम्ही रात्री सिद्धेश्वरने निघा, मी कराडहून महालक्ष्मीने येते, सकाळी दादरला भेटू. माझी रजा शिल्लक आहे. तुझ्या ह्यांना सुट्टी नसेल तर नसू दे.

सीबीसीचा रिपोर्ट आला की फोटो पाठव, कितीही वाजले तरी. आणि ईशाला माझा नंबर दे, म्हणावं मावशीला मध्यरात्री पण मेसेज केला तरी चालेल, मावशीने तुझ्या आईला पहाटे चारला चादरी धुवायला लावल्यात.

तुझीच,
सुनंदा